एरंडेल आणि चिकटपट्टी

आपा कुठल्याही गोष्टीला आधी उलटा हात लावायच्या. पोराच्या कपाळाला, दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्याला, नुकताच चुना मारलेल्या भिंतीला, परातीतल्या पिठाला. आपण तळहात लावतो. त्या हाताची मागची बाजू टेकवायच्या, क्षणभर थांबायच्या आणि मग निकाल द्यायच्या. "अजून ओलं हाय." किंवा, "ताप न्हाय, नाटक हाय. जाऊ दे शाळंला." गल्लीतल्या निम्म्या पोरांच्या शाळा त्या एका हातावर ठरत.

मी एकदा कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "तळवा दिवसभर कामात असतोय भाऊ. त्याला सवय लागती. सवय लागलेला हात खोटं सांगतोय."

त्या आमच्या समोरच्या घरात राहत. नवरा लवकर गेलेला, एकुलती मुलगी बेळगावला दिलेली. वडील शिंपी. त्यामुळं बोलण्यात माप, टाके, शिवण हे सारखं यायचं. तरुणपणी नर्सिंग शिकल्या आणि पुढं शहरातल्या एका खाजगी प्रसूतिगृहात बाळंतपणाच्या खोलीत लागल्या त्या लागल्याच. सगळी गल्ली त्यांना आपा म्हणे. माझी आई त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी, तीही आपाच म्हणे.

तुमच्याही गल्लीत अशी एक बाई असेल, जिच्या येण्याजाण्यावर लोक घड्याळ लावतात. आपा सकाळी साडेसातला निघत. मीही त्याच वेळी सायकल काढत असे. मी पंचगंगेवरच्या बंधाऱ्याची पाणीपातळी नोंदवायच्या कामावर होतो. आठ वाजता खांबावरचा आकडा वाचायचा, फूट आणि इंच, वहीत लिहायचा आणि वर कळवायचा. पावसाळ्यात दर तासाला. दोन खुणांच्या मधे पाणी असलं तर अंदाज करायचा, पण अंदाजही इंचात.

संध्याकाळी गाठ पडली की आपा विचारत, "काय भाऊ, पाणी किती?"

"एकवीस फूट चार इंच."

"आमच्याकडं आज तीन. दोन पोरी, एक पोरगा."

हा आमचा रोजचा नमस्कार. एकदा मी घाईत "साधारण बावीस" म्हणालो. त्या जागीच थांबल्या. "साधारण? बरं न्हाय काय तुमाला?"

हे मुद्दाम सांगतो आहे, कारण माझ्या शब्दाला आपांच्या लेखी काय वजन होतं, ते कळायला हवं. पुढं जे झालं, ते त्या वजनामुळं झालं.

माझ्या बायकोला लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेला होता. त्यात हृदयाची एक झडप अरुंद झाली. लग्नानंतर सात वर्षांनी दिवस राहिले, तेव्हा आनंद आणि भीती एकाच दिवशी घरात आली. प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून समजावलं. बाळंतपणाच्या कळांनी नाडी वाढते. धडधाकट बाईला ते सोसतं. हिच्या झडपेतून तेवढं रक्त पुढं जाणार नाही, ते मागं फुप्फुसात साचेल, आणि माणूस आतल्या आत बुडेल. 'बुडेल' हाच शब्द त्यांनी वापरला. पाण्याच्या कामावरच्या माणसाला तो समजावून सांगावा लागला नाही.

"नाडी किती चालेल?" मी विचारलं.

"एकशे दहाच्या वर जाऊ द्यायची नाही."

मी तो आकडा वहीत लिहिला.

उपाय होता. भूल देणारे डॉक्टर मुंबईला एक नवी पद्धत शिकून आले होते. कण्याच्या मणक्यांमधून सुई घालायची, तिच्यातून दोऱ्याएवढी बारीक नळी आत सारायची आणि सुई काढून घ्यायची. नळी तिथंच राहते. तिच्यातून दर दीड तासाला औषध द्यायचं. बाई शुद्धीवर, पण कळा नाहीत. आपल्याकडं तेव्हा हे क्वचितच होई. नळ्या मुंबईहून येत, आणि त्या आठवड्यात प्रसूतिगृहात एकच होती.

"सगळं त्या नळीवर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती जागची हलता कामा नये."

ती जागची हलू न देणं हे आपांचं काम. भुलीचे डॉक्टर नळी घालत, आपा ती पाठीला चिकटवत. त्यांची स्वतःची रीत होती. नळी घालताना बाईला पुढं वाकवून बसवतात, म्हणजे मणके उघडतात. बाकीच्या नर्स त्याच वाकलेल्या पाठीवर पट्टी मारून मोकळ्या होत. आपा थांबत. एका बोटानं नळी धरून ठेवायच्या, बाईला हळूहळू सरळ करून कुशीवर निजू द्यायच्या, आणि मगच पट्टी. "बसलेल्या माणसाचं माप उभ्याला लागत न्हाय," त्या म्हणत. वाकलेल्या पाठीवर पट्टी लावली तर पाठ सरळ होताना नळी ओढली जाते, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते शिंप्याच्या घरातून आलेलं होतं. नळी घुसते तिथं एक सैल वेढा ठेवायचा, त्यावर पट्टी, मग पाठीवरून वर खांद्यापर्यंत एकापुढं एक चार पट्ट्या. भुलीच्या डॉक्टरांनी एकदा पाहिलं आणि तेव्हापासून ते काम दुसऱ्या कुणाला दिलं नाही.

बाळंतपणाच्या आठवडाभर आधी आपांनी मला दारात गाठलं. "भाऊ, लिहून घ्या. पाठ कोरडी पायजे. तेल न्हाय, बाम न्हाय, पावडर न्हाय. पट्टी धरत न्हाय त्यावर. आईस्नी सांगा."

मी लिहून घेतलं. ते पान अजून माझ्याकडं आहे. आईला मात्र सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, याचं उत्तर मला पुष्कळ दिवस देता आलं नाही. आई बाळंतपणासाठी चारच दिवसांपूर्वी गावाहून, नेसरीहून, आली होती. बायकोच्या पाठीला काय लावायचं आणि काय नाही, हे आईशी बोलायची आमच्या घरात रीत नव्हती. पुरुषानं तिकडं बघायचंही नाही. मला वाटलं, बायको सांगेल. बायकोला वाटलं, मी सांगितलंच असेल. आणि सासू वाटी घेऊन समोर बसल्यावर 'नको' म्हणायचं, हे तिला सुचणंच शक्य नव्हतं.

त्या दिवशी सकाळी सहाला कळा सुरू झाल्या. मी रिक्षा घेऊन आलो, तेव्हा स्वयंपाकघरात कोमट एरंडेलाचा वास होता. स्टोव्हजवळ वाटी. आई हात पुसत होती.

"कंबरेला चोळलं जरा," ती म्हणाली. "वाट मोकळी हुती. तुझ्या वक्ताला माझ्या सासूनं अशीच वाटी संपवलीती."

मी वाटीत पाहिलं. अर्ध्याच्या खाली गेली होती. मला वहीतलं पान आठवलं. पण रिक्षा दारात उभी होती आणि बायको उंबऱ्याला धरून उभी होती. मनाशी म्हणालो, तिथं गेल्यावर धुतीलच.

नऊच्या सुमाराला आपा प्रसूतीच्या खोलीतून बाहेर आल्या. हातात रबरी मोजे, दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले, कशाला शिवायचं नाही म्हणून. मी आणि आई बाकावर होतो.

"भाऊ, पाठीला काय लावलंय काय?"

आई माझ्याकडं पाहत होती. मी 'हो' म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न आला असता, काय लावलं, कुणी लावलं. आत भुलीचे डॉक्टर होते, आणि त्यांचा आवाज मोठा होता.

"नाही," मी म्हणालो. "काही नाही."

"बरं," म्हणून आपा आत गेल्या.

दहाला नळी बसली. अर्ध्या तासानं आपांनी दार किलकिलं केलं. "शहाऐंशी," त्या म्हणाल्या. नाडी. "हसाय लागलीया. मला इचारती, सुरू झालंय का न्हाय अजून." मी वहीत शहाऐंशी लिहिलं आणि सकाळपासून पहिल्यांदा चहा प्यालो. आईनं एक रामरक्षा पुरी केली आणि दुसरी सुरू केली.

साडेबारापर्यंत सगळं आकड्यांत होतं. चौऱ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, शहाऐंशी. मग हातकणंगल्याजवळ ट्रॅक्टर उलटल्याची बातमी आली. जखमींना शहरातल्या दुसऱ्या दवाखान्यात आणलं होतं आणि भुलीच्या डॉक्टरांना तिकडून बोलावणं आलं. पुढचं औषध भरून ठेवून, डॉक्टरीणबाईंना सांगून, दोन तासांत येतो म्हणून ते गेले.

दीडच्या सुमाराला मला आतून बायकोचा आवाज आला. कण्हण्याचा. तो यायला नको होता.

आपा बाहेर आल्या. आता हातात मोजे नव्हते. त्यांनी दार मागं ओढून घेतलं, उजव्या हाताची मागची बाजू नाकाशी नेली आणि माझ्याकडं पाहिलं.

"एरंडेल हाय," त्या म्हणाल्या.

आई तेव्हा नळावर पाणी प्यायला गेली होती. मी मान खाली घातली.

"किती?"

"थोडं. दोन बोटं."

"भाऊ, पाण्याचा सांगता तसा सांगा."

"अर्धी वाटी. जास्तच. कंबरेपासून वरपर्यंत."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "आत या," एवढंच म्हणाल्या. "दुसरी शिष्टर दुसऱ्या बाळंतिणीपाशी अडकलीया. मला धरायला माणूस पायजे."

पुरुष त्या खोलीत जात नसे. मी चपला बाहेर काढून गेलो, देवळात जावं तसा.

बायको कुशीवर होती, पाठ दाराकडं. मी ती पाठ दिवसाच्या उजेडात कधी अशी पाहिली नव्हती. खालच्या तीन पट्ट्या कडेनं उचलल्या होत्या. त्यांच्याखाली घाम आणि तेल एकत्र होऊन चकाकत होतं. जिथं औषध लावून नीट पुसलं होतं, तेवढीच चार बोटं जागा कोरडी होती. बाकी सगळीकडं पट्टी केळीच्या सालीसारखी सरकत होती. कळ आली की बायको अंग आखडायची, आणि तेवढ्यात नळी वर ओढली जायची.

नळीवर सेंटिमीटरच्या बारीक काळ्या खुणा होत्या. सकाळी कातडीपाशी नऊची खूण होती. आपांनी नळी घुसली होती तिथं बोट टेकवलं आणि मला वाकायला सांगितलं. "तुमची नजर सरावलेली हाय. वाचा."

मी वाचलं. "साडेसहा."

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दवाखान्यात फोन लावला. भुलीचे डॉक्टर शस्त्रक्रियेत होते. कुणीतरी त्यांच्या कानाशी फोन धरला असावा. तिकडून निरोप एवढाच आला. पाचाच्या आत नळी निकामी. सहाच्या खाली गेली तर औषध देऊ नका. बाहेर आलेली आत ढकलू नका. दुसरी नळी नाही.

म्हणजे आमच्या हातात अर्धा सेंटिमीटर होता. पुराच्या दिवसांत मी धोक्याच्या खुणेखाली एक इंच पाणी पाहिलं आहे. तेव्हाही एवढं तोंड कोरडं पडलं नव्हतं.

"आपा, तुम्ही लावलेली पट्टी सुटते कशी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण त्यात आश्चर्य होतं, आणि ते वाईट होतं.

"घाम लई आला बाई," आपा म्हणाल्या.

मी तिथंच होतो. काही बोललो नाही.

आपांनी नवे मोजे चढवले. डाव्या हाताचं बोट नळीवर पुन्हा दाबलं आणि उजव्या हातानं पट्ट्या एकेक सोडवायला सुरुवात केली. खेचून नाही, कडेनं गुंडाळत. मला समोरच्या बाजूला उभं केलं. बायकोचा खांदा आणि गुडघा धरायचा, कळ आली तरी तिला वाकू द्यायचं नाही, आणि दुसऱ्या हातानं मनगट धरून नाडी मोजायची. मोठ्यानं.

"मोठ्यानं कशाला?"

"मला ऐकू येऊ दे. आन तुमाला दुसरं काय सुचाय नको."

मी घड्याळाच्या काट्याकडं पाहत मोजू लागलो. एकशे चार. बायकोचं तोंड माझ्या छातीपाशी होतं. तिला दम लागत होता, पण ती ओरडत नव्हती. तिच्या घरी मोठ्यानं रडायची सवय नव्हती.

आपा स्पिरिटचा बोळा फिरवत होत्या, एकाच दिशेनं, नळीपासून लांब. एक बोळा, दुसरा, तिसरा. प्रत्येक बोळा पिवळा होऊन टोपलीत पडत होता. मी चौदा मोजले. मधे कळ आली. बायकोचं सगळं अंग धनुष्यासारखं ताणलं गेलं आणि मी तिला धरून ठेवलं.

"नळी आहे ना?" मी विचारलं.

"हाय," आपा म्हणाल्या.

एकशे बारा. डॉक्टरीणबाई माझ्याकडं न पाहता औषधाची सुई हातात घेऊन उभ्या होत्या. नळी पक्की झाल्याशिवाय त्या देऊ शकत नव्हत्या. दिलं आणि ते बाहेरच्या मांसात गेलं, तर तेवढं औषध फुकट, आणि वेळही.

पाठ पुसून झाली. आता ती वाळायला हवी होती. आपांनी डॉक्टरीणबाईंना केसपेपरचा पुठ्ठा उचलायला सांगितला आणि त्या बाई, ज्यांच्यासमोर आम्ही जपून बोलत असू, पुठ्ठ्यानं माझ्या बायकोच्या पाठीवर वारा घालू लागल्या.

एकशे अठरा. बायको खोकली. कोरडा, आखूड खोकला. डॉक्टरीणबाईंचा हात क्षणभर थांबला. तो खोकला म्हणजे फुप्फुसात साचायला लागलं, हे मला त्यांनीच महिन्यापूर्वी सांगितलं होतं.

"लावा आता आपा," त्या म्हणाल्या.

"वाळू द्या बाई."

"आपा."

"ओल्यावर लावली तर परत सुटंल. मग दुसऱ्यांदा सवड न्हाय."

मी म्हणालो, "नळी आहे ना?"

"हाय हाय. तुम्ही मोजा."

एकशे चोवीस. पुन्हा कळ आली. आपा कळ जाईपर्यंत थांबल्या. त्यांच्या कपाळावरचा घाम भुवईवरून खाली आला, तो पुसायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता. मग त्यांनी उजव्या हाताचा मोजा दातानं ओढून काढला आणि बायकोच्या पाठीला वरपासून खालपर्यंत उलटा हात लावला. तीन ठिकाणी. तिसऱ्या ठिकाणी जरा जास्त वेळ.

"आता सरळ व्हा अक्का," त्या बायकोला म्हणाल्या. "पाय लांब करा. लांब. अजून. आता मी न्हाय सोडत तुमाला."

पट्टी धरावी म्हणून टिंक्चर लागलं. त्याचा उग्र वास खोलीभर झाला. सैल वेढा, त्यावर जाळीची घडी, त्यावर पहिली पट्टी आडवी, दुसरी उभी. मग बोट निघालं. मग वरच्या चार. प्रत्येक पट्टीच्या कडेवरून त्या अंगठ्याचं नख फिरवत होत्या, शिवणीवर फिरवावं तसं.

"वाचा," त्या मला म्हणाल्या. मी वाकून पट्टीलगतची खूण पाहिली.

"सहा आणि थोडं वर."

"थोडं म्हंजे?"

"पाव सेंटिमीटर."

डॉक्टरीणबाईंनी सुईनं आधी मागं ओढून पाहिलं, रक्त आलं नाही, मग थोडं औषध दिलं, थांबल्या, मग उरलेलं दिलं. आता वीस मिनिटं वाट पाहायची होती. एकशे सव्वीस. एकशे सव्वीस. एकशे चोवीस. बायको हळूच म्हणाली, "डाव्या बाजूचं गेलं. उजवीकडं आहे." आपांनी तिला उजव्या कुशीवर वळवलं, पाठीवर तळवा ठेवून, नळीसकट. एकशे सोळा. एकशे आठ. मी तो आकडा दोनदा मोजला, कारण पहिल्यांदा खरा वाटला नाही.

भुलीचे डॉक्टर चारला आले. तोवर आपा तशाच, पाठीवर तळवा ठेवून उभ्या होत्या. पाच वाजून चाळीस मिनिटांनी मुलगी झाली. चिमट्यानं काढावी लागली. दोन किलो चारशे. बायकोची नाडी तेव्हा शहाण्णव होती.

आई नातीला घेऊन बाकावर बसली आणि येईल त्याला सांगू लागली, "माझ्या तेलानंच सुटली बगा पोर." पुढं कित्येक वर्षं ती हे सांगत राहिली. आपांच्या समोरही सांगायची. आपा म्हणायच्या, "व्हय की मावशी."

तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी आपांची माफी मागायला गेलो. त्या पाळण्याच्या चादरी मोजत होत्या.

"तुमच्या आईची चूक न्हाय," त्या चादरींकडं पाहतच म्हणाल्या. "तिला ठाऊकच न्हवतं. तुमचीबी अर्धीच. अर्धी माझी. माझ्या हातात मोजे होते, तुमाला इचारलं. मोजे काढून उलटा हात लावाय पायजे होता, न्हाय लावला. तुमच्या शब्दावर पट्टी लावली." मग एक चादर झटकून म्हणाल्या, "पाण्यावाल्याचा शब्द म्हणून."

एवढंच. पुन्हा त्या कधी त्यावर बोलल्या नाहीत. संध्याकाळी गल्लीत "काय भाऊ, पाणी किती?" चालूच राहिलं. मी सांगितलेला आकडा त्या ऐकून घेत, पण पूर्वी त्यावर मान हलवायच्या, ती आता हलेना. की मलाच तसं वाटे, कोण जाणे.

तीन महिन्यांनी मला दवाखान्यातल्याच एकीकडून कळलं की, भुलीचे डॉक्टर आता पट्टी स्वतः लावतात. आपांचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही, असं ते कुणाशी तरी म्हणाले होते. मला जायला आठ दिवस लागले. डॉक्टरीणबाईंसमोर बसून मी सगळं सांगितलं, वाटी किती भरली होती तेही. त्यांनी ऐकून घेतलं.

"हे त्याच दिवशी कळलं असतं, तर मी तुमच्या आईंना वॉर्डाबाहेर काढलं असतं," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या बायकोजवळ रात्रंदिवस बसायला दुसरं कुणी नव्हतं. आपांना ते माहीत होतं."

पुढच्या आठवड्यापासून पट्टी पुन्हा आपांच्या हातात गेली. आपा मात्र माझ्यावर नाराज झाल्या. "कशाला बोलला? म्हातारीच्या कानावर गेलं असतं म्हंजे?"

निवृत्त झाल्यावर त्या बेळगावला मुलीकडं गेल्या. समोरच्या घरात दुसरे लोक आले. गेल्या वर्षी कळलं की त्यांना बरं नाही, म्हणून मी एका रविवारी एस.टी.नं जाऊन आलो. खाटेवर होत्या, खूप बारीक झालेल्या. नात चहा ठेवून गेली.

"पोरगी कितवीत?"

"दुसरीत."

"वजन?"

"सतरा किलो."

"कमी हाय. आन अक्का?"

"जिने चढत नाही. बाकी बरी आहे."

त्यांनी भिंतीकडं तोंड वळवलं. मग म्हणाल्या, "भाऊ, त्या दिवशी तुम्ही सारखं इचारत होता, नळी हाय ना, नळी हाय ना."

"हो."

"मला ठाऊक न्हवतं. बोट दाबून दाबून बधिर झालतं. बोटाखाली नळी हाय का नुसती कातडी, काय कळत न्हवतं. उचलून बघायची छाती न्हवती. मी आपली हाय हाय म्हणत होते."

औषधानं कळा थांबल्या, म्हणजे नळी आतच होती. हा हिशेब सरळ होता, आणि तो मी तिथल्या तिथं केला. तरी परतताना निपाणी येईपर्यंत माझे तळहात ओले होते. सात वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या गोष्टीची इतकी भीती वाटू शकते, हे मला ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, कशा आहेत आपा. मी म्हणालो, बऱ्या आहेत.

दोन महिन्यांनी त्यांचा जावई निरोप घेऊन आला. आपा गेल्या. तो चहा न घेताच परत गेला. बायको बराच वेळ दारातच बसून राहिली. त्या दिवशी मी तिला आपांनी सांगितलेलं सगळं सांगितलं.

"त्यांचं बोट थरथरत होतं," ती म्हणाली. "मला पाठीवर कळत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मोजत होता."